कॅमेऱ्याचें दावें

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेनें सुमारें 8 किलोमीटर गेलें, म्हणजे धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव लागतें. गांव लहान, पण त्याच्या पोटांतला इतिहास मोठा. विनोबा भावे 1938 सालीं प्रकृति ढासळली असतां येथें आले आणि नदीकांठच्या टेकाडावर राहूं लागले. तेथील जमीन खणतां खणतां कुदळीला दगड लागले, आणि ते दगड साधे नव्हते. त्यांवर माणसांच्या आकृति कोरलेल्या होत्या. एका शिळेवर परस्परांस भेटणाऱ्या आकृति होत्या. विनोबांनीं तींत भरत-रामभेट पाहिली, आणि ती मूर्ति आश्रमांत पूजेस लागली. अशाच आणखीही कित्येक शिळा त्या भूमींतून वर आल्या.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असें प्रतिपादन केलें. आणि हीं शिल्पें त्या काळच्या, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांतल्या, राममंदिराचीं असावींत असें मत मांडलें. पुढें 1967 सालीं नागपूर विद्यापीठातर्फें शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनीं येथें उत्खनन केलें. राजधानी कोणती आणि शिल्पांतील प्रसंग कोणते, याविषयीं नंतरच्या अभ्यासकांत एकमत मात्र झालेलें नाहीं.

अशा वादाचा निकाल पुष्कळदां अगदीं बारीक गोष्टींवर अवलंबून असतो. हाताची ठेवण कशी आहे, मस्तकावर मुकुट आहे कीं जटा, झिजलेल्या बोटांत फूल आहे कीं शस्त्र, यावरून देव ओळखावा लागतो. आतां प्रत्येक अभ्यासकास पवनारला येतां येत नाहीं. पुण्याचा, लंडनचा किंवा टोकिओचा विद्वान् छायाचित्र पाहूनच मत बनवितो. छायाचित्र धूसर असेल, तर त्यावर उभारलेलें मतही धूसर होतें. म्हणून मूर्तीचें छायाचित्र घेणें ही हौसेची गोष्ट असली, तरी तिच्यांत एक जबाबदारी दडलेली असते. ती जबाबदारी पार पाडण्यास अलीकडच्या काळांत जें एक साधन हाताशीं आलें आहे, त्याचा परिचय हा या भाषणाचा विषय आहे.

त्या साधनाची किंमत कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. पवनारप्रमाणेंच वर्ध्याच्या परिसरांत असलेल्या सेवाग्रामांत महात्मा गांधींच्या नात्यांतील कनु गांधी नांवाचा तरुण राहत असे. त्याला छायाचित्रांचा छंद होता. घनश्यामदास बिर्ला यांनीं दिलेल्या 100 रुपयांतून त्यानें रोलिफ्लेक्स कॅमेरा व फिल्म घेतली. गांधीजींनीं परवानगी दिली, पण तीन अटींवर : फ्लॅशचा प्रकाश पाडावयाचा नाहीं, छायाचित्रासाठीं बसा-उठा म्हणून सांगावयाचें नाहीं, आणि आश्रमाकडे पैसा मागावयाचा नाहीं. या अटी पाळून त्यानें 1938 ते 1948 या दहा वर्षांत घेतलेलीं छायाचित्रें आज इतिहासाचें धन होऊन बसलीं आहेत. पण त्या तरुणाची अडचण काय होती, हें ध्यानांत घ्यावें. कळ दाबल्यावर चित्र उमटलें कीं नाहीं, हें फिल्म धुऊन होईपर्यंत त्याला समजत नसे. तोंवर तो क्षण निघून गेलेला असे.

पुढें अंकीय कॅमेरे आले आणि ही अडचण संपली असें सर्वांस वाटलें. कॅमेऱ्याच्या पाठीवर कांचेची लहान पाटी आली. कळ दाबतांच तीवर चित्र दिसूं लागलें. पण ही पाटी फसवी आहे. तिची लांबी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारें 3 इंच. छायाचित्र मात्र 24 मेगापिक्सेलचें, म्हणजे 2 कोटी 40 लाख ठिपक्यांचें. एवढें मोठें चित्र एवढ्याशा कांचेवर आलें, म्हणजे सारेंच ठळक व रेखीव दिसतें. त्यांत वैदर्भीय ऊन! चैत्र-वैशाखांत धामेच्या कांठीं उघड्यावर उभें राहिल्यास त्या पाटीवर स्वतःच्या मुखाच्या प्रतिबिंबापलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. छायाचित्रकार समाधानानें घरीं जातो. रात्रीं संगणकावर चित्र मोठें करून पाहतो, तों मूर्तीचें नाक रेखीव आणि हात पुसट! जें पाहावयाचें होतें, तेंच निसटलेलें असतें. म्हणजे कनु गांधींची अडचण गेली नाहीं. ती दिवसांवरून तासांवर आली, इतकेंच.

हा तासांचा अवधि क्षणांवर आणणारी युक्ति म्हणजे कॅमेरा तारेनें संगणकाशीं जोडून छायाचित्र घेणें. या रीतीस इंग्रजींत टेदर्ड शूटिंग म्हणतात. टेदर म्हणजे गुरें खुंट्याला बांधण्याचें दावें. शब्द गोठ्यांतला, पण मोठा समर्पक आहे. दाव्यानें बांधलेली गाय जशी दृष्टीआड होत नाहीं, तसें या तारेनें बांधलेल्या कॅमेऱ्याचें एकही चित्र घेणाऱ्याच्या दृष्टीआड होत नाहीं. कळ दाबावी, आणि सेकंद-दोन सेकंदांत तें चित्र समोरच्या लॅपटॉपवर पूर्ण आकारांत उभें राहावें. लॅपटॉपची 14 इंची पाटी कॅमेऱ्याच्या पाटीच्या क्षेत्रफळानें सुमारें 20 पट असते. तीवर चूक लपत नाहीं. आणि चूक दिसते तेव्हां मूर्ति समोरच असते, प्रकाश तोच असतो, तिपाई हललेली नसते. लगेच दुसरें चित्र घेतां येतें. या साधनाचें सारें महत्त्व या एका वाक्यांत आहे : चूक सुधारण्याची वेळ टळण्यापूर्वीं ती चूक दाखविणें.

यासाठीं लागणारी आज्ञावली, जिला सॉफ्टवेअर म्हणतात, ती बहुतेक कॅमेरा-कंपन्या स्वतःच तयार करतात. कॅननची ईओएस युटिलिटी, निकॉनची एनएक्स टेदर, सोनीची इमेजिंग एज डेस्कटॉप, फुजीफिल्मची एक्स ॲक्वायर आणि पॅनासॉनिकची लुमिक्स टेदर हीं नांवें प्रसिद्ध आहेत. पूर्वीं अशा आज्ञावल्या कॅमेऱ्याच्या खोक्यांत तबकडीवर मिळत. आतां त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्याव्या लागतात. येथें नांवें घेतलेल्या आज्ञावल्यांस वेगळें मूल्य पडत नाहीं. तथापि एका कंपनीची आज्ञावली दुसरीच्या कॅमेऱ्यास चालत नाहीं, आणि त्याच कंपनीच्याही प्रत्येक कॅमेऱ्यास ती चालेलच असें नाहीं. आपल्या कॅमेऱ्याचें नांव कंपनीच्या यादींत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

तारेंतून नेमकें काय घडतें? कॅमेरा आणि संगणक यांनीं एकमेकांशीं कसें बोलावें, याची एक सर्वमान्य भाषा ठरलेली आहे. तिला पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल म्हणतात. या भाषेंत संगणक कॅमेऱ्यास विचारतो, ‘तुझ्यापाशीं काय आहे?’ आणि कॅमेरा चित्रांची यादी देतो. परंतु ही भाषा मूळची चित्रें नेण्या-आणण्याची. भिंगाचें तोंड किती उघडावें, पडदा किती वेळ उघडा ठेवावा, या आज्ञांसाठीं प्रत्येक कंपनीनें तिच्यांत स्वतःचे शब्द भरले आहेत. म्हणूनच कंपनीची आज्ञावली लागते. तिच्या साहाय्यानें कॅमेऱ्यास हात न लावतां, लॅपटॉपपाशीं बसून, या सर्व गोष्टी बदलतां येतात आणि कळही तेथूनच दाबतां येते. हाताचा धक्का टळतो. म्हणून मंद प्रकाशांत, फ्लॅशवांचून, कित्येक सेकंद पडदा उघडा ठेवूनही चित्र रेखीव येतें.

आतां पवनारच्या एखाद्या शिळेपुढें हें काम कसें चालावें, याची श्रोत्यांनीं कल्पना करावी. प्रथम आश्रमाची अनुमति. कारण तें स्थान संग्रहालय नव्हे, साधनेचें स्थान आहे. विनोबांनीं 1959 सालीं येथें ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. तेथील भगिनींच्या प्रार्थनेच्या व कामाच्या वेळा सांभाळणें हें पहिलें कर्तव्य. नंतर तिपाई शिळेसमोर अशी ठेवावी कीं भिंगाची रेषा शिळेच्या मध्यावर सरळ पडेल. शेजारीं सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी व रंगांची चिठ्ठी ठेवावी. पट्टीवांचून मूर्ति दोन हात उंच कीं दोन वीत, हें पुढें कोणास सांगतां येत नाहीं.

मग कॅमेरा चालू करून तार जोडावी. कांहीं कॅमेऱ्यांत त्याआधीं यादींत जाऊन ‘संगणकावरून नियंत्रण’ हा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्यास संगणक कॅमेऱ्यास नुसती साठवणुकीची पेटी समजतो. कांहींत वाय-फाय चालू असेल तर तारेची जोडणी होतच नाहीं. तें आधीं बंद करावें. कॅमेरा आपोआप झोपीं जाण्याची व्यवस्था असते, तीही तात्पुरती काढून ठेवावी. जोडणी झाली कीं लॅपटॉपवर भिंगांतून दिसणारें दृश्य जिवंत दिसूं लागतें. त्यांतला एकच तुकडा, समजा मूर्तीचा हात, दहापट मोठा करावा आणि त्यावर फोकस हातानें जुळवावा. यंत्राच्या आपोआप फोकसावर येथें विसंबूं नये. सपाट झिजलेल्या दगडावर तें गोंधळतें.

यानंतर प्रकाशाचा प्रश्न. समोरून प्रकाश पाडल्यास झिजलेली कोरणी दगडांत विरून जाते. तोच प्रकाश बाजूनें, जवळजवळ शिळेला घासून आणला, तर प्रत्येक उंचवट्याची छाया पडते आणि पुसट रेघ जागी होते. एखादा साधा दिवा डावीकडून, उजवीकडून, वरून असा फिरवावा व प्रत्येक वेळीं चित्र घ्यावें. शेजारीं उभें असलेल्या जाणकारास तीं चित्रें लॅपटॉपवर त्याच क्षणीं दिसतात. तो म्हणतो, ‘दिवा थोडा खालीं घ्या, बोटांत कांहींतरी दिसतें आहे.’ दिवा खालीं येतो, आणि शंका फिटते, किंवा निदान नेमकी कोठें आहे हें कळतें. छायाचित्रकार आणि अभ्यासक एकाच वेळीं एकच चित्र पाहत आहेत, हा या तारेचा दुसरा लाभ. आणि पवनारसारख्या ठिकाणीं तो पहिल्याहून लहान नाहीं.

या साधनाचे दोषही सांगितले पाहिजेत. तार ही पायांत येणारी वस्तु आहे. कोणी अडखळला, तर तिपाईसह कॅमेरा मूर्तीवर कोसळावयाचा. म्हणून तार तिपाईच्या पायाशीं सैल वळसा देऊन बांधावी आणि जमिनीवर चिकटपट्टीनें बसवावी. तार वाटेल तितकी लांबही चालत नाहीं. यूएसबी 2.0 जातीची तार 5 मीटरांपर्यंतच विश्वासानें काम देते. त्याहून दूर जावयाचें तर मध्यें प्रवाहास बळ देणारा जोड घालावा लागतो. सदैव जिवंत दृश्य पाठविण्यांत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते. भरलेल्या दोन-तीन सोबत हव्यात. आणि सर्वांत मोठी गोष्ट : कंपन्या जुन्या आज्ञावल्यांची निगा कालांतरानें सोडून देतात. संगणकाची मूळ यंत्रणा नवी झाली, म्हणजे काल चालणारी जोडणी आज चालेनाशी होते. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशीं घरीं एकदां सारें जोडून पाहावें. पवनारला पोंचल्यावर नवे प्रयोग करूं नयेत.

आतां छायाचित्रें उतरवून घेण्याविषयीं. बहुतेक आज्ञावल्यांत एक प्रश्न विचारलेला असतो : चित्र संगणकांतच ठेवावें, कीं संगणकांत आणि कॅमेऱ्यांतील मेमरी कार्डावर, असें दोन्हींकडे? कित्येक जण घाईनें पहिला पर्याय घेतात. तो घेऊं नये. दुसऱ्या पर्यायानें प्रत्येक चित्राच्या जन्मतःच दोन प्रती होतात. तार मध्येंच निखळली किंवा लॅपटॉप बंद पडला, तरी कार्डावरची प्रत राहते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक कच्ची, म्हणजे ‘रॉ’ प्रकारची, प्रत 25 ते 30 मेगाबाइटांची धरल्यास 200 चित्रांस 5 ते 6 गिगाबाइट पुरतात. आजच्या कार्डास हें ओझें कांहींच नव्हे.

दोन प्रतींचा हा आग्रह कोणास फाजील वाटेल. त्यानें अजिंठ्याची कथा आठवावी. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें 1844 पासून कित्येक वर्षें अजिंठ्याच्या लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या रंगीत प्रतिकृति काढल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. 1866 सालच्या आगींत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं 1872 पासून 1885 पर्यंत तेंच काम पुन्हां केलें. त्यांच्याही प्रतिकृति लंडनला गेल्या, आणि त्यांतील पुष्कळ 1885 च्या आगींत नष्ट झाल्या. दोन पिढ्यांची मेहनत दोनदां राख झाली. कारण एकच : जें केलें होतें, तें एकाच छपराखालीं होतें. दरम्यान लेण्यांतील मूळ रंग उडतच होते. जें प्रतिकृतींत वांचलें असतें, तें कायमचें गेलें.

यावरून तीन नियम निघतात. पहिला : चित्रें कार्डावरून ‘हलवूं’ नयेत, त्यांची ‘नक्कल’ करावी, हलवितांना वीज गेली, तर एखादें चित्र ना येथें ना तेथें अशी अवस्था होऊं शकते. दुसरा : नक्कल झाल्यावर चित्रें उघडून पाहिल्यावांचून कार्ड पुसूं नये. तिसरा : एक प्रत घरीं व दुसरी निराळ्या घरीं, शक्य तर निराळ्या गांवीं ठेवावी. याच्या जोडीला चौथीही एक सूचना आहे. रॉ प्रत ही प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या लिपींत असते. ती लिपि पन्नास वर्षांनीं कोण वाचील, हें सांगवत नाहीं. म्हणून तिच्याबरोबर टिफसारख्या सर्वपरिचित प्रकारची एक प्रत अवश्य करावी. मोडी लिपींतील दप्तरें आज वाचणारा मिळणें किती कठिण झालें आहे, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस या सूचनेचें मर्म वेगळें सांगावयास नको.

हें सारें केवळ पुरातत्त्वज्ञांसाठीं आहे, असें मात्र नाहीं. शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत एखादी पत्र्याची पेटी असते. तींत आजोबांचा लग्नांतला फोटो असतो, आजीच्या हातची पाककृतींची वही असते, कोणाचें जन्मटिपण, कोणाचें वतनाचें कागद असतात. कागद पिवळे पडत असतात, वाळवी वाट पाहत असते. ज्याच्या घरीं चांगला कॅमेरा आहे, त्यानें तो तिपाईवर खालीं तोंड करून बसवावा, टेबलावर कागद पसरावा, खिडकीचा मऊ प्रकाश घ्यावा आणि तार लॅपटॉपला जोडावी. एकानें पान उलटावें, दुसऱ्यानें पाटीवर पाहून कळ दाबावी. पाहतां पाहतां शंभर पानांची वही एका दुपारीं उतरून होते. आणि घरांतली म्हातारी शेजारीं बसली असेल, तर पाटीवर मोठा झालेला एखादा चेहरा पाहून ती नांव सांगते. तें नांव त्याच वेळीं लिहून ठेवावें. कागद वाळवीच्या आधीं वांचवितां येतो. पण नांव सांगणारें माणूस गेल्यावर कोणत्याही यंत्रानें तें नांव परत आणतां येत नाहीं.

एक आक्षेप उरतो. कित्येकांस वाटतें कीं अशानें मनुष्य मूर्तीकडे पाठ करून पाटीकडेच पाहत बसेल. हा आक्षेप खोटा नाहीं. कनु गांधींपाशीं ना तार होती ना पाटी. होते ते केवळ डोळे आणि धीर. त्यांच्या चित्रांतील जिव्हाळा कोणत्याही आज्ञावलींतून उतरवून घेतां येणार नाहीं. चालत्या-बोलत्या माणसांचीं चित्रें घेणाऱ्यानें दावें सोडूनच द्यावें, हेंच बरें. पण मूर्ति पळून जात नाहीं. ती दीड हजार वर्षें मातींत वाट पाहत होती; कुदळ लागली तेव्हां वर आली. तिच्यापुढें घाई शोभत नाहीं. आधीं तिच्याकडे निवांत पाहावें, मग पाटीकडे पाहावें, आणि पाटीवर जें दिसलें त्याची खात्री करून घेण्यासाठीं पुन्हां तिच्याचकडे वळावें. दावें गाईला कोंडण्यासाठीं नसतें; सांजवेळीं ती घरींच आहे, हें पाहून निश्चिंत होण्यासाठीं असतें. कॅमेऱ्याच्या दाव्याचेंही प्रयोजन तेवढेंच. धामेच्या कांठावरून निघतांना हातांत आलें म्हणून वाटलें, तें खरोखरच हातांत आहे, याची खात्री घेऊन उठावें.